अगस्तीची मूठ

शेतात शिरण्याआधी बुटांचे तळवे धुणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्याकडे लोक शेतातून आल्यावर पाय धुतात. जाताना कोणी धूत नाही, कारण आत चिखलच असतो. ऑगस्टीन मात्र बांधावर थांबायचा, पिशवीतून पाण्याची बाटली आणि जुना टूथब्रश काढायचा, एका पायावर उभा राहून एकेक बूट घासायचा आणि मगच केळीत पाऊल टाकायचा. रावेरकडच्या एका शेतकऱ्याने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला बाजूला घेऊन विचारलं, यांच्या धर्मात असतं का हे? मी उत्तर देण्याआधीच त्याची बायको म्हणाली, पोरगा चांगल्या घरचा दिसतो. तेव्हापासून त्या शेतावर आम्हाला निव्वळ दुधाचा चहा मिळू लागला.

धर्माचा काही संबंध नव्हता. ऑगस्टीन टांझानियाचा, तिथल्या समुद्राएवढ्या तळ्याकाठच्या गावाचा. त्याच्या मुलखात केळीवर एक रोग येतो आणि तो कोयत्याच्या पात्यावरून, बुटांच्या चिखलातून एका बागेतून दुसऱ्या बागेत जातो. त्याच्या काकांची अख्खी बाग त्यात गेली. शेजारी मदतीला आला होता, स्वतःचा कोयता घेऊन. हे ऑगस्टीनने लहानपणी पाहिलेलं, त्यामुळे दुसऱ्याचा कोयता विस्तवावर धरल्याशिवाय तो हातात घेत नसे. हा रोग आपल्याकडे नाही रे, असं मी त्याला सांगायचो. तो शांतपणे म्हणायचा, आमच्याकडेही नव्हता.

जळगावच्या शेतकी कॉलेजात आम्ही एम.एस्सी.ला एका वर्गात होतो. मी बोदवडचा. वडिलांचं बी-बियाण्याचं दुकान होतं, पुढे मागे मलाच त्यात बसायचं होतं, त्यामुळे शिक्षणाची मला फारशी घाई नव्हती. ऑगस्टीनला होती. तो सरकारी शिष्यवृत्तीवर आला होता आणि नापास झाला तर परत पाठवतील या धास्तीत असायचा. हॉस्टेल भरलेलं म्हणून खोली शोधायला आम्ही दोघं अर्धं जळगाव फिरलो. दार उघडणाऱ्याने आधी मला पाहिलं की खोली रिकामी असायची, माझ्या मागे उभ्या ऑगस्टीनला पाहिलं की ती कालच गेलेली असायची. तो प्रत्येक वेळी वाकून थँक यू म्हणायचा आणि डोकं माझंच फिरायचं.

पिंप्राळ्यात इंदूअक्काने मात्र ना देश विचारला ना धर्म. खालून वर एकदा पाहून घेतलं आणि विचारलं, "सकाळले कितला वाजे उठस?" मी भाषांतर केलं. ऑगस्टीन म्हणाला, चार. अक्काने किल्ली काढून दिली. त्याचं कारण असं, की त्या गल्लीत नळाला पाणी दिवसाआड यायचं आणि तेही पहाटे. नाना, म्हणजे अक्काचे यजमान, एस.टी.च्या वर्कशॉपात मेकॅनिक, रात्रपाळी करून यायचे. मुलगा प्रमोद धुळ्याला नोकरीला. पाणी भरायला माणूसच नव्हतं. खोलीच्या भाड्याबरोबर अक्काला नळावर उभा राहणारा माणूस मिळाला. सोबत मी फुकटात आलो. मी आठला उठायचो आणि त्याबद्दल मला त्या घरात शेवटपर्यंत मान मिळाला नाही.

ऑगस्टीन हे नाव अक्काच्या तोंडात बसत नव्हतं असं नाही, तिने बसवून पाहिलंच नाही. पहिल्या दिवसापासून अगस्ती. आठवड्याभरात गल्लीने तेच धरलं आणि महिन्याभरात वर्गाने. एकदा प्राध्यापकांनी हजेरीत खरं नाव घेतलं तर तो स्वतःच गप्प बसून राहिला.

केळीचं त्याला वेड होतं म्हणणं चूक. वेड पाहुण्या गोष्टीचं असतं. त्याच्याकडे घर म्हणजे केळीच्या बागेतलं घर. दाराबाहेर केळी, मागे केळी, आजा-पणजांच्या समाध्याही केळीतच. वर्गाच्या सहलीत रावेरला जाताना बसच्या दोन्ही बाजूंना मैलोगणती केळीच केळी पाहून तो आधी हरखला आणि मग अस्वस्थ झाला. खिडकीतून सारखा काहीतरी शोधत होता. शेवटी मला विचारलं, "पण घरं कुठेत?" मी सांगितलं, गावात. शेतात कोण राहील? हे त्याला कधीच पटलं नाही. त्याचं आमच्यावर दुसरंही एक आक्षेपाचं कलम होतं. केळी पिकवायची, ट्रक भरभरून दिल्लीला पाठवायची आणि स्वतः जेवायला काय, तर भाकरी. तो बाजारातून हिरव्या केळ्यांची फणी आणायचा, चाकूने सालं काढून शेंगदाण्याच्या कुटात शिजवायचा आणि तेच जेवायचा. अक्काने एकदा चाखलं, आपला काळा मसाला आणून त्यात टाकला आणि पुन्हा चाखलं. पुढे दर गुरुवारी तो पदार्थ खाली नानांच्या ताटातही दिसू लागला.

अक्काबरोबर नळावर उभं राहून तो जी भाषा शिकला ती अहिराणी. मराठी म्हणजे हीच, असा त्याचा समज होता आणि मी तो दूर केला नाही, मजा येत होती. शिष्यवृत्तीचं खातं उघडायला तो मला घेऊन बँकेत गेला. मॅनेजर कोल्हापूरकडचे, नुकतेच बदलून आलेले. अगस्तीने त्यांना स्वच्छ अहिराणीत सांगितलं की मी पिंप्राळ्याला राहतो, माझ्याजवळ बठ्ठा कागद शेत, म्हणजे सगळे कागद आहेत. मॅनेजर कौतुकाने ऐकत राहिले आणि नंतर मला म्हणाले, हो, पण यांना आपल्याकडचं काही येतं का? तेव्हा काउंटरमागचे सगळे खान्देशी कारकून टेबलावर डोकी टेकून हसले. अगस्ती हसला नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, त्या साहेबांना मराठी येत नाही, बँकेत कसं घेतलं?

आता मुठीचं.

अक्काचं माहेर-सासर दोन्ही धुळे जिल्ह्यातलं, सासर नरडाण्याजवळचं खेडं. त्या मुलखात श्रावणात कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला दागिने घालून, चौरंगावर मांडून देवी बसवतात, रात्रभर जागवतात, सोमवारी वाजतगाजत पाण्यात पोचवतात. पण खरी गोष्ट रोटांची. रोटांचे गहू असे पायलीने मोजत नाहीत. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ, तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत, भाऊबंदांत जेवढे असतील तेवढे. त्या गव्हाचं पीठ, त्या पिठाचे रोट, आणि ते खायचे फक्त घरच्यांनी. बाहेरच्याला एक घास द्यायचा नाही, उष्टं टाकायचं नाही, पौर्णिमेपर्यंत संपवायचे. मी आमच्या बोदवडकडे हे पाहिलं नव्हतं. अक्काने मला त्या दिवसासाठी साध्या पोळ्या करून ठेवल्या होत्या. गंगाफळाची भाजी आणि खीर मिळेल, रोट मिळणार नाही, हे तिने आधीच सांगून टाकलं.

त्या वर्षी कानबाई अक्काकडे बसायची होती. गहू निवडून झाले, अक्का परातीसमोर बसली आणि एकेक नाव घेऊन मूठ टाकू लागली. आबांची, म्हणजे नानांच्या थोरल्या भावाची, मग नानांची, मग पुतण्यांची, प्रमोदची. अगस्ती शेजारी पाटावर बसून पाहत होता. त्याला एवढंच कळलं की घरातल्या पुरुषांचं धान्य मोजलं जातंय. सगळी नावं झाली तेव्हा त्याने विचारलं, "अक्का, आनि मनी?"

यात त्याची काही हाव नव्हती. पाणी भरणाऱ्याची बादली मोजायची राहिली तर जसं सांगावं तसं त्याने सांगितलं. आणि अक्का नावं घेण्याच्या ओघात होती. तिने अगस्ती म्हणून सव्वा मूठ गहू टाकलेसुद्धा. मग तिचा हात थांबला. मी दारात उभा होतो, मला तिचा चेहरा दिसला. गव्हात पडलेले गहू वेगळे कसे काढणार?

आबा रविवारी नरडाण्याहून आले. गल्लीतल्या कोणीतरी त्यांच्या कानावर घातलंच. ते ओरडले नाहीत. त्यांनी अक्काला एवढंच विचारलं, की नाना जिवंत असताना घरात परका पुरुष मोजायची काय वेळ आली. अक्का त्यांच्यासमोर कधी बोलत नसे, तेव्हा बोलली. "ह्या घरनं पानी तो भरस. त्यानी मूठ पडी गयी, आते ती निंघाव नही." आबांनी देवीला हात जोडले, तांब्याभर पाणी प्याले आणि रोट न खाता परत गेले. पुढच्या वर्षापासून त्यांच्या घरचे रोट वेगळे झाले. सख्ख्या भावांत वेगळे रोट होणं म्हणजे काय, ते तिकडच्या माणसाला विचारावं. नानांनी बायकोला एका शब्दाने दुखावलं नाही, पण त्या श्रावणात ते वर्कशॉपातून उशिरा घरी येऊ लागले.

या सगळ्यातलं अगस्तीला काही ठाऊक नव्हतं. अक्काने मला दम दिला होता की सांगायचं नाही. त्याला रोट आवडले, त्याने मागून घेऊन खाल्ले. पौर्णिमेला शेवटचा तुकडा उरला तो अक्काने त्याच्याच ताटात वाढला, कारण तो खाऊ शकत होता. मी शेजारी बसून साधी पोळी खात होतो. जातीने, भाषेने, जिल्ह्याने मी त्या घराला त्याच्यापेक्षा कितीतरी जवळचा, पण मला घास नाही आणि हा समुद्रापलीकडचा गडी रोट मोडतोय. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू.

शिक्षण झालं, तो गेला. जाताना जळगाव स्टेशनवर अक्काने त्याला काळ्या मसाल्याची पुडी दिली. त्याने ती घेतली नाही. शेतातल्या कुठल्याच वस्तूला कागदाशिवाय सीमा ओलांडता येत नाही, असं त्याने तिला सविस्तर समजावलं. अक्काला राग आला, मग हसूही आलं. त्याने तिच्या पाया पडून निरोप घेतला आणि पहिली दोन-तीन वर्षं दिवाळीला, कानबाईला न चुकता फोन केला. नंतर फोन बंद झाले.

आता अक्काच्या घरची रीत अशी, की मूठ एकदा पडली की ती बंद कधी होते, तर माणूस गेल्यावर. परगावी गेला, भांडून गेला, सैन्यात गेला, तरी त्याची मूठ पडते आणि त्याच्या वाटचा रोट घरचे खातात. त्यामुळे अगस्ती गेला तरी त्याची मूठ पडतच राहिली. अक्काला प्रश्न पडायला लागला तो फोन बंद झाल्यावर. मूठ टाकावी तर तो असायला हवा. नसेल तर मेलेल्या माणसाची मूठ जिवंतांच्या गव्हात, हे भलतंच. आणि न टाकावी, तर आपण होऊन त्याला मेलेला धरायचं.

दरवर्षी श्रावण लागला की मला अक्काचा फोन यायचा. बोदवडला मी एव्हाना दुकानात पक्का बसलो होतो, पेरण्या आटोपलेल्या, गिऱ्हाईक कमी. ती इकडचं तिकडचं विचारायची आणि शेवटी म्हणायची, "अगस्तीना काही फोन?" मी म्हणायचो नाही, पण तो बरा असणार, टाका मूठ. कशावरून म्हणायचो कोण जाणे. फेसबुकवर शोधलं तर त्या नावाचे इतके जण निघाले की मी दोन दिवसांत कंटाळलो. त्याच नावाच्या एका धर्मगुरूला अक्काचा निरोप पाठवून बसलो होतो, त्याने आशीर्वाद पाठवला.

मग नाना गेले. अक्का जळगावचं घर विकून धुळ्याला देवपुरात प्रमोदकडे राहायला गेली. प्रमोदला मुलगा झाला. आबा आता खूप थकले होते आणि घर पुन्हा एक व्हावं असं प्रमोदच्या मनात होतं. आबा यायला तयार झाले, पण म्हणाले, त्या पोराचा इतकी वर्षं पत्ता नाही, तो नसणार, आणि त्याच्या मुठीशेजारी तुझ्या नातवाची मूठ पडते आहे, विचार कर. नातवाचं नाव निघाल्यावर अक्काने हट्ट सोडला. या गेल्या श्रावणात तिने मला आधी फोन केला नाही. नंतर केला.

"यंदा मी त्यानी मूठ टाकी नही, दिनू," एवढं म्हणाली आणि आबा जेवून गेले, रोट गोड झाले होते, असं सांगून तिने फोन ठेवला. मी दुकानात होतो. दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांना काय हवं ते मला दोनदा विचारावं लागलं.

आणि त्याच हिवाळ्यात तो आला. दुपारची वेळ, मी कापसाचे हिशेब बघत बसलेलो, समोर कोणी तरी उभं राहिलं आणि म्हणालं, "काय दिनू, आते तरी लवकर उठस का?" बोदवड स्टेशनवर उतरून त्याने शुद्ध अहिराणीत बियाण्याचं दुकान विचारलं होतं आणि आमच्याकडची लेवा बोली बोलणाऱ्या माणसांनी त्याला बरोबर आणून सोडलं होतं. अंगाने भरला होता, कानशिलं पांढरी झाली होती. पुण्याला कसल्याशा प्रशिक्षणाला आला होता, ते संपल्यावर दोन दिवस काढून शिकलेलं गाव आणि जुनी माणसं पाहायला निघाला. मधली वर्षं तो काय करत होता, तर सीमेवरच्या नाक्यावर साहेब झाला होता. बाहेरून येणारी रोपं, बियाणं, फळं तपासायची आणि कागद नसेल तर जप्त करायची. मी म्हटलं, म्हणजे देवाने तुला योग्य जागी बसवलं.

फोन का बंद केलास, हे मी त्याला चहा यायच्या आधीच विचारलं. तळ्यातल्या बोटीतून जाताना फोन पाण्यात पडला होता, सगळे नंबर त्यात. मग पत्र? तो खांदे उडवून म्हणाला, "भाडेकरूले कोन याद ठेवस?" त्यावर मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग मुठीचं सगळं सांगितलं, अगदी सुरुवातीपासून, आबा उपाशी गेले तिथपासून. तो ऐकत होता. चहा गार झाला. त्याने विचारलं, मग मी रोट खाल्ले तेव्हा मला का नाही सांगितलं? मी म्हटलं, तू मागून मागून खात होतास, मध्ये कोण बोलणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही माझ्या गाडीने निघालो. आधी जळगाव. पिंप्राळ्यात घराच्या जागी तीन मजली इमारत होती आणि नळाच्या जागी कोणाची तरी मोटारसायकल. तो तिथे थोडा वेळ उभा राहिला आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारून आला की पाणी अजून पहाटेच येतं का. येतं म्हणाला. मग आम्ही धुळ्याचा रस्ता धरला. मी प्रमोदला फोन करून ठेवला होता, पण अक्काला सांगू नको म्हटलं होतं. हा माझा शहाणपणा चुकीचा ठरला.

अक्का ओट्यावर हरभऱ्याची भाजी निवडत बसली होती. तिने वर पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि उठून आत गेली. पदराने तोंड झाकून आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. प्रमोद गोंधळला. अगस्ती मात्र बूट काढून सरळ आत गेला आणि तिच्या मागे थांबला. अक्का वळली नाही.

"तू जित्ता शे," ती भिंतीला म्हणाली. "मी तुनी मूठ बंद करी टाकी."

त्याने विचार केला. त्याला असल्या वेळी गोड बोलता येत नसे, पूर्वीही येत नव्हतं. "मी उपाशी नही ऱ्हायनू, अक्का," तो म्हणाला.

तेव्हा ती वळली आणि त्याच्या दंडावर तिने एक चापट मारली, चांगली जोरात. मग त्याला धरून रडली. मीही रडलो, प्रमोदही. अगस्ती अवघडून उभा होता आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत होता, जसा कोणी रोपाचं पान उलटून पाहतं तसा जपून.

जेवायला भरीत, कळण्याची भाकरी होती. अक्का वाढत होती पण तिचं लक्ष नव्हतं. अगस्ती तिला सांगत होता की बायको शाळेत शिकवते, दोन मुली आहेत, एक मुलगा आहे, बागेत घर बांधलं आहे. ती हं हं करत होती. शेवटी तोच म्हणाला, की मूठ राहून गेली तर आता टाकता येत नाही का? अक्का खाली बसली. ती म्हणाली, "ज्यानी मूठ बंद व्हस तो परत येत नही. मंग परत टाकानी रीत कोठून ऱ्हाई?" आणि खरंच, हे कोणाला सांगता येणार होतं? आजपर्यंत असं कोणी परत आलंच नव्हतं.

प्रमोदने आबांना फोन लावला. गावी खाटेवर पडून असतात, ऐकू कमी येतं, म्हणून स्पीकरवर मोठ्याने सगळं सांगितलं. पलीकडून आधी नुसती कोंबड्यांची कलकल ऐकू आली. मग आबांनी विचारलं, तो कुठे बसलाय? इथेच, जेवतोय. काय जेवतोय? भाकरी. आबांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता.

"त्याले सांग, आपली मूठ आपला हाते मोज. आनि बठ्ठी एकलाच खाय."

एवढं बोलून त्यांनी फोन बंद केला. अक्काने घाईने गव्हाचा डबा काढला, कापडाचा स्वच्छ धडपा अंथरला आणि त्याला हात धुवायला लावलं. अगस्तीने एक भरलेली मूठ टाकली, मग वरची पाव मूठ. त्याचा हात एवढा मोठा, की ते गहू अक्काच्या हाताने अडीच मुठी तरी भरले असते. अक्का त्याच्यासाठी तोंडाने पुटपुटत नाव घेत होती. दळून लगेच रोट करावेत तर वीज गेलेली, गिरणी बंद, आणि मुंबईची गाडी चाळीसगावहून संध्याकाळी. घरचं जातं जळगावच्या घराबरोबरच गेलं होतं. तिने धडप्याची गाठ मारून ते गहू त्याच्या हातात दिले. घरी जा, बायकोला दळायला सांग, रोट कर आणि खा. "कोनले देजो नको. एक दाना बी."

मी त्याच्याकडे पाहिलं. काळ्या मसाल्याची पुडी मला आठवत होती. त्याने गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि खिशात ठेवलं. प्रमोदच्या मोबाइलमध्ये आपला नंबर घातला, तिकडच्या ऑफिसचा घातला, बायकोचाही घातला आणि पुन्हा पाया पडला. येत्या श्रावणात तुझ्या पोराचीही मूठ टाकू का, असं अक्काने विचारलं. तो म्हणाला, "पोरीस्नी बी." अक्का म्हणाली, आबांना विचारते.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, आता काय करणार साहेब? गहू म्हणजे बियाणं. तो म्हणाला, दाणा नाही, पीठही नाही, मीच माझ्या लोकांना शिकवतो. मग चाळीसगावला दळून तिथेच कोणाकडून भाजून घेऊ? गिरणीत दुसऱ्याचं पीठ मिसळतं, अर्धं गिरणीतच राहतं, ते दुसऱ्याच्या घरी जाईल. मग माझ्याकडे ठेव, पुढच्या वर्षी ये. त्याने माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. तू बाहेरचा, म्हणाला. मी गाडी चालवत राहिलो.

चाळीसगावच्या फलाटावर तो बाकावर बसला, मांडीवर धडपा सोडला आणि गहू खायला लागला. कच्चेच. चिमूटभर तोंडात टाकायचा, सावकाश चावायचा, गिळायचा, पुन्हा चिमूट. वाघ्यामुरळीचा खेळ बघावा तशी माणसं थांबून बघत होती. एका चहावाल्याने हिंदीत विचारलं, साहब, कुछ गरम लाऊं? त्याने मान हलवली. दाणे कडक होते, त्याचे जबडे दुखायला लागलेले मला दिसत होते. मध्येच एक दाणा फरशीवर घरंगळला, तो त्याने वाकून उचलला, बोटाने पुसला आणि खाल्ला. बुटांचे तळवे धुणारा हा माणूस. मी शेजारी बसलो होतो. एकदा माझा हात सहज त्या धडप्याकडे गेला असेल, तर त्याने तो गुडघ्याने बाजूला केला.

अक्काचा फोन माझ्याच मोबाइलवर आला. गाडी आली का, तो बसला का, गहू नीट ठेवलेत ना? अगस्तीचं तोंड भरलेलं होतं, त्याला बोलता येईना. मी सांगितलं, नीट आहेत अक्का, सगळे बरोबर नेतोय तो, एक दाणा इथे ठेवत नाही.

गाडी लागली तेव्हा थोडे शिल्लक होते. ते त्याने मुठीत घेतले, धडपा झटकून, घडी करून माझ्या हातात दिला, अक्काला परत दे म्हणून खुणेने सांगितलं आणि डब्यात चढला. गाडी हलली. तो दारात उभा होता, एका हाताने दांडा धरलेला, दुसरी मूठ घट्ट मिटलेली, गाल फुगलेला. हात हलवायला हात मोकळा नव्हता, म्हणून त्याने नुसती मान हलवली, आणि गाडी वळेपर्यंत तो चावतच होता.